चाकांवरचें घर आणि त्याला ओढणारी मोटार

सन १९४७ मध्यें अमेरिकेंत एक मौजेचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, रुप्यासारखा चकाकणारा एक ट्रेलर रस्त्यावर उभा आहे आणि त्याला जुंपली आहे एक साधी सायकल. सायकलीवर बसलेला गृहस्थ म्हणजे आल्फ्रेड लेतूर्नर हा फ्रेंच शर्यतपटु. एअरस्ट्रीम ट्रेलरांचे निर्माते वॅली बायम यांची ही योजना होती. आपला ट्रेलर किती हलका आहे आणि किती सहज ओढला जातो, हें लोकांस एका दृष्टिक्षेपांत पटावें हा त्यांचा हेतु. आणि तो इतका सफल झाला कीं, सायकलस्वाराची ती आकृति पुढें त्या कारखान्याची ओळख होऊन बसली.

चित्रांत लबाडी कांहीं नाहीं. सपाट रस्त्यावर चाकांवरचें ओझें हळूहळू हलविण्यास फारशी शक्ति लागत नाहीं, हें हमालाची हातगाडी पाहिलेल्या कोणासहि ठाऊक आहे. परंतु तोच ट्रेलर घाटाच्या उतारावर असता, तर त्या सायकलस्वाराची काय अवस्था झाली असती? ओढणें सोपें, थांबविणें कठीण, आणि भरधाव वेगांत सरळ ठेवणें त्याहून कठीण. ट्रेलर घेऊन रानावनांत मुक्काम करावयास निघणाऱ्या कुटुंबानें मोटार व साहित्य निवडतांना एवढी एक गोष्ट मनांत धरली, तर पुढील बहुतेक चुका टळतात. आणि या प्रवासांतील चुकांची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाहीं.

हौसेखातर घर बरोबर घेऊन हिंडण्याची कल्पना मोटारीहूनहि जुनी आहे. ब्रिटिश आरमारांतून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनीं सन १८८५ मध्यें 'वाँडरर' नांवाची एक राहती गाडी ब्रिस्टॉलच्या एका कारखान्याकडून बांधवून घेतली आणि ती घेऊन ते इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडांत गेले. गाडीचें वजन सुमारें दोन टन आणि ओढावयास दोन घोडे. त्या व्यवस्थेंत एक मोठा गुण होता. घोडा दमला म्हणजे मान खालीं घालतो, चढाच्या पायथ्याशीं उभा राहतो, धन्यास समजेल अशा रीतीनें नकार देतो. इंजिनाला ही वाचा नाहीं. त्याच्यावर दुप्पट ओझें लादलें तरी तें सपाटीवर निमूटपणें ओढीत राहतें, आणि त्याचा नकार कळतो तो बहुधा अशा जागीं, जेथें परत फिरण्यास वाट नसते. म्हणून जी गोष्ट घोडा सांगत असे, ती आतां माणसानें वजनकांट्यास विचारावयाची असते.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं राहणारें एक कुटुंब कल्पावें. आईबाप आणि दोन शाळकरी मुलें. उन्हाळ्याच्या सुटींत पश्चिमेकडील पहाडांत दहा दिवस काढावे, असा त्यांचा बेत आहे. त्यांच्या मोटारीच्या पत्रकावर ५००० पौंड, म्हणजे सुमारें २२७० किलो ओढण्याची क्षमता लिहिली आहे. विक्रेत्यानें दाखविलेला ट्रेलर ३९०० पौंडांचा आहे. आंत पलंग, शेगडी, शीतपेटी, न्हाणी, सगळें कांहीं आहे. अकराशें पौंड शिल्लक राहतात, तेव्हां चिंता कसली, असें म्हणून गृहस्थ सही करण्यास लेखणी काढतो. वास्तविक याच क्षणीं लेखणी खालीं ठेवून पाटी-पेन्सिल हातीं घ्यावयास हवी.

पत्रकांतील ३९०० पौंड हें ट्रेलरचें कोरें वजन होय. पाण्याचा एक अमेरिकन गॅलन सुमारें ८.३ पौंड भरतो. तेव्हां ३० गॅलनांची टाकी भरली कीं २५० पौंड वाढले. पाणी तापविण्याच्या ६ गॅलनांच्या बंबांत आणखी ५०. गॅसच्या दोन भरलेल्या नळकांड्या ७५ आणि बॅटरी ६०. भांडींकुंडीं, अंथरुणें-पांघरुणें, शिधा, घडीच्या खुर्च्या, नळ्या व हत्यारें मिळून ५०० पौंड धरणें म्हणजे काटकसरच झाली. बेरीज ४८३५ होते. अकराशें पौंडांची शिल्लक घराबाहेर पडण्यापूर्वींच १६५ वर आली.

तरीहि आंकडा पांच हजारांच्या आंत आहे, असें कोणी म्हणेल. पण ट्रेलरचें सगळें वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतें. त्याच्या दांडीचें टोक मोटारीच्या पाठीमागील गोळ्यावर टेकलेलें असतें, आणि अमेरिकन ट्रेलरच्या बाबतींत भरलेल्या वजनाचा शेंकडा १० ते १५ इतका भार त्या टोकावर असावा लागतो. शेंकडा १२ धरले, तरी या ट्रेलरच्या दांडीचा भार ५८० पौंड झाला. हें ओझें मोटारीनें ओढावयाचें नसून पाठीवर वाहावयाचें असतें. मोटारीनें पाठीवर किती वाहावें, याची मर्यादा निराळी असते आणि ती चालकाच्या दाराच्या खांबावरील चिठ्ठींत छापलेली असते. जाहिरातींत ती सहसा आढळत नाहीं. या मोटारीची ती मर्यादा १३५० पौंड आहे असें समजूं. चार माणसें ६००, मोटारींतील सामान १५०, जोडणीचें लोखंडी साहित्य ८० आणि दांडीचे ५८०, मिळून १४१० पौंड झाले. ओढण्याची मर्यादा शाबूत असूनहि मोटार साठ पौंडांनीं ओझ्याखालीं गेली. शिवाय या वर्गांतील पुष्कळ मोटारींच्या जोडाला दांडीच्या भाराची मर्यादा ५०० पौंडच असते. तीहि येथें ओलांडली गेली.

ओढण्याच्या क्षमतेचा आंकडा असा फसवा कां व्हावा, यालाहि कारण आहे. पूर्वीं प्रत्येक कारखाना हा आंकडा आपापल्या रीतीनें ठरवीत असे. सन २००८ मध्यें अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें त्यासाठीं एक समान कसोटी प्रसिद्ध केली. अॅरिझोनांतील डेव्हिस डॅमच्या दीर्घ चढाचा तींत समावेश आहे. कसोटी कडक आहे. पण मोटारींत चालक व एक सोबती, प्रत्येकीं १५० पौंडांचा, एवढाच संसार तींत धरलेला असतो. मागच्या बाकावर दोन मुलें, सामानाच्या कप्प्यांत तंबू आणि टपावर सायकली चढल्या कीं तो आंकडा त्या कुटुंबाचा राहत नाहीं.

आतां दांडीवर इतका भार ठेवावयाचाच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर महाराष्ट्रांतील कोणताहि जुना गाडीवान देऊं शकेल. बैलगाडींत माल फार मागें भरला तर गाडी उलाळ होते. जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. फार पुढें भरला तर ती धुरजड होते आणि बैलांच्या माना दबतात. शहाणा गाडीवान गाडी किंचित् धुरजडच ठेवतो. ट्रेलरचें शास्त्र अगदीं हेंच आहे. भेद एवढाच कीं, बैल ताशीं दोन-तीन मैल चालतो आणि मोटार साठ मैल धांवते. उलाळ ट्रेलर त्या वेगांत शेपटीसारखा डोलूं लागतो. शेजारून मोठी मालमोटार गेली, वाऱ्याचा झोत आला किंवा चालकानें चाक झटकन् फिरविलें, एवढें निमित्त पुरतें. एका ठराविक वेगाच्या पलीकडे प्रत्येक झोका मागच्याहून मोठा होत जातो, आणि अखेरीस ट्रेलरच मोटारीला फिरवूं लागतो.

अशा वेळीं चालकाचा स्वाभाविक हात व पाय दोन्ही चुकतात. मोटारीचा ब्रेक जोरानें दाबणें आणि झोक्याच्या उलट चाक फिरविणें, या दोन्ही गोष्टींनीं संकट वाढतें. चाक सरळ व स्थिर धरावें, पेट्रोलवरचा पाय अलगद काढावा, आणि ट्रेलरचे विजेचे ब्रेक चालकाजवळील खटक्यानें स्वतंत्रपणें हलकेच लावावे. ट्रेलर मागें ओढला जाऊन जोडी पुन्हा सरळ होते. हा खटका कोठें आहे, हें प्रवासापूर्वीं रिकाम्या मैदानांत हाताला शिकवून ठेवलें पाहिजे. तथापि खरा उपाय वजन नीट भरण्याचा आहे. जड वस्तु चाकांच्या आंसाजवळ किंवा किंचित् पुढें, जमिनीलगत ठेवाव्या. मागच्या कप्प्यांत अवजड वस्तु कोंबूं नयेत.

दांडीचा भार घरीं मोजतां येतो. ट्रेलर सपाट जागीं उभा करून चाकांस अटकाव घालावा. एक भक्कम फळी घेऊन तिच्या एका टोकाखालीं लोखंडी नळी आणि तीन फुटांवर दुसऱ्या टोकाखालीं न्हाणीघरांतील वजनकांटा ठेवावा. नुसत्या फळीनें कांटा जें दाखवील तें टिपून ठेवावें. मग दांडीचें टोक नळीपासून एक फुटावर टेकवावें. कांट्यावर जें वजन वाढेल त्याची तिप्पट म्हणजे दांडीचा भार. तरफेचा हा नियम शाळेंत शिकलेला असतो. त्याचा असा उपयोग आयुष्यांत क्वचितच येतो. संपूर्ण वजनासाठीं मात्र हमरस्त्यावरील मालमोटारींच्या कांट्यावर जावें, आणि तेंहि माणसें, सामान व पाणी यांसह.

येथें एक सावधगिरी हवी. ब्रिटनमध्यें दांडीचा भार शेंकडा ५ ते ७ ठेवण्याची शिफारस असते आणि नवशिक्यानें भरलेल्या ट्रेलरचें वजन मोटारीच्या वजनाच्या शेंकडा ८५ च्या आंत ठेवावें, असा तिकडील जुना सल्ला आहे. तेथील ट्रेलरांची रचना व वेगाच्या मर्यादा निराळ्या आहेत. एका देशाच्या पुस्तकांतला आंकडा दुसऱ्या देशाच्या गाडीस लावूं नये.

जोडणीच्या साहित्यांत भार वांटून देणारी एक जोडणी मिळते. तिच्या पोलादी दांड्या, दांडीच्या टोकावर आलेल्या भाराचा कांहीं भाग मोटारीच्या पुढच्या चाकांकडे व कांहीं ट्रेलरच्या चाकांकडे परत धाडतात. तिचा उपयोग मोठा आहे. कारण मोटारीची पाठ दबली कीं पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि वळणें व थांबणें दोन्ही बिघडतात. पण या जोडणीनें ट्रेलरचें वजन एका पौंडानेंहि कमी होत नाहीं आणि जोडाची मर्यादाहि वाढत नाहीं. कित्येक मोटारींस ती लावण्याची निर्मात्याची परवानगीच नसते. म्हणून मोटारीची पुस्तिका आधीं वाचावी.

आतां त्या डेन्व्हरच्या कुटुंबाकडे परत वळूं. त्यांच्यापुढें दोन वाटा आहेत. एक, अधिक ओझें वाहणारी मोटार घेणें. दुसरी, हलका ट्रेलर घेणें. समजा, त्यांनीं ३००० पौंड कोऱ्या वजनाचा ट्रेलर निवडला. पूर्वींचेंच सगळें सामान भरून तो ३९३५ पौंड होईल. शेंकडा १२ प्रमाणें दांडीचा भार ४७२. मोटारीवरचें एकूण ओझें १३०२ झालें. सर्व मर्यादा पाळल्या गेल्या. पलंग थोडा अरुंद झाला एवढेंच. पाण्याची टाकी रिकामी ठेवून मुक्कामीं भरली तर आणखी २५० पौंड वांचतात. मात्र टाकी आंसाच्या पुढें आहे कीं मागें हें पाहून दांडीचा भार पुन्हा मोजला पाहिजे.

या काटकसरीचा अर्थ डेन्व्हर सोडल्यावर लवकरच कळतो. सुमारें साठ मैलांवर, ११,१५८ फूट उंचीपर्यंत चढणारा आयझेनहॉवर बोगदा येतो. साध्या पेट्रोल-इंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें शेंकडा तीन घटते. म्हणजे बोगद्याशीं पोंचेपर्यंत तें समुद्रकांठच्या शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गमावून बसतें. पण चढ हा सज्जन शत्रु होय. तेथें फार तर मोटार मंदावते आणि मागचे लोक कंटाळतात. बोगद्यापलीकडे सुमारें शेंकडा सातांचा उतार कित्येक मैल लागतो, आणि ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींस अडविण्यासाठीं तेथें रस्त्याच्या कडेला खडीच्या चढत्या वाटा मुद्दाम बांधून ठेवल्या आहेत. ४८३५ पौंडांचा ट्रेलर अशा उतारावर मोटारीला मागून सुमारें ३३८ पौंडांच्या जोरानें ढकलीत असतो, आणि तो क्षणभरहि विसांवा देत नाहीं. ब्रेकवर पाय सतत ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वींच खालचा गियर घालावा, वेग इंजिनानें रोखावा आणि ब्रेक थोडा वेळ लावून पुन्हा सोडावा. ताशीं ५५ मैलांऐवजीं ६५ मैल वेग ठेवला, तर थांबवावयाची ऊर्जा सुमारें शेंकडा ४० वाढते. घाईनें वांचलेलीं दहा मिनिटें त्या भावानें फार महाग पडतात.

साहित्याच्या खरेदींत 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण पदोपदीं आठवते. दुकानांत रंगीत दिवे, शोभेचे गालिचे आणि घडीचीं टेबलें आधीं नजरेंत भरतात. खरेदीचा क्रम मात्र उलटा असावा. पहिला मान ट्रेलरच्या ब्रेकांचा, त्यांच्या नियंत्रकाचा आणि ट्रेलर निसटल्यास ब्रेक आपोआप लावणाऱ्या खटक्याचा. दांडीखालून फुलीच्या आकारांत अडकविलेल्या दोन सांखळ्या, रुंद आरसे, चाकांचे अटकाव, जादा चाक व जॅक हीं त्यामागून. ट्रेलरचे टायर झिजण्यापूर्वीं वयानें मरतात. नक्षी नवी दिसली तरी पांच-सहा वर्षांनीं ते बदलावे. हवा थंड टायरांत मोजावी, आणि चाक बदलल्यावर पहिल्या पन्नास मैलांनंतर नट पुन्हा आंवळावे.

घराच्या आंत आग विझविण्याचें नळकांडें, गळणाऱ्या गॅसची सूचना देणारें यंत्र आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र अवश्य असावें. शेवटच्या या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. बंद खोलींत झोंपलेल्या माणसास तो जागें करीत नाहीं. गृहिणीनें एक नियम कसोशीनें पाळावा: पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी निरनिराळ्या रंगांच्या व निरनिराळ्या कप्प्यांत ठेवाव्या, आणि एकीचें काम दुसरीनें कधींहि करूं नये. नळाच्या पाण्याचा दाब कमी करणारी तोटी आणि विजेच्या कमी-अधिक दाबापासून रक्षण करणारी पेटी, एवढ्यावर निकडीची यादी पुरी होते. बाकीच्या वस्तु पहिल्या प्रवासानंतर, उणीव जाणवल्यावर घ्याव्या.

लांबीचाहि विचार आधीं करावा. माँटानांतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या प्रसिद्ध पहाडी रस्त्याच्या मधल्या भागांत मोटार व ट्रेलर मिळून २१ फुटांहून लांब किंवा आरशांसह ८ फुटांहून रुंद असतील तर प्रवेश नाहीं. मोठा ट्रेलर घेणाऱ्यास तो मुक्कामीं सोडून पुढें जावें लागतें. विजेवर चालणारी मोटार ओढण्यास जोरदार असते. परंतु उंच ट्रेलर हवेशीं झुंजत असल्यामुळें एका भारणींत तिची मजल बहुधा निम्म्यावर येते, तेव्हां वाटेवरील भारणीचीं ठिकाणें आधींच हेरून ठेवावीं.

असो. हा सर्व हिशेब प्रवासाची हौस मारण्यासाठीं नाहीं. चाकांवरच्या घराचें सुख मोठें आहे. संध्याकाळीं देवदारांच्या सावलींत दार उघडावें, शेगडीवर चहाचें आधण ठेवावें, मुलांनीं जवळच्या ओढ्यांत पाय बुडवावे. असे दहा दिवस त्या मुलांना जन्मभर पुरतात. वॅली बायम यांनीं सन १९५९ मध्यें ट्रेलरांचा तांडा घेऊन केप टाउनहून कैरोच्या वाटेस प्रस्थान ठेवलें, तें याच सुखासाठीं. तें सुख निर्वेध मिळावें म्हणून घरच्या कर्त्या माणसानें दोनच गोष्टी कराव्या. सही करण्यापूर्वीं दाराच्या खांबावरची चिठ्ठी वाचून बेरीज मांडावी. आणि निघण्याच्या दिवशीं सकाळीं गोळा, सांखळ्या, दिवे, ब्रेक, टायर या क्रमानें जोडीभोंवतीं एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी. पांच मिनिटें लागतात. मुलें तेवढा वेळ मोटारींत बसून चुळबुळ करतील. त्यांना करूं द्यावी.